पिवळी खूण

बाबा, दोरी तुम्ही ओढलीच नव्हती.

गेले दोन आठवडे हे वाक्य मी मनात घोळवते आहे आणि आज पहिल्यांदा कागदावर उतरवलं. लिहून काढल्यावर धक्का ओसरेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आईला जाऊन सहा. विचारायला घरात कोणी उरलं नाही. रोजनिशीत लिहायला बसले तर तीन वेळा पान अर्धवट सोडलं, कारण रोजनिशीत मी माझ्याशी बोलते आणि हे माझ्याशी बोलून भागणारं नाही.

मी कुठून लिहिते आहे ते आधी सांगते. आम्ही जपानमध्ये आहोत, तोक्योला लागून असलेल्या उरायासुला, अकरा वर्षांपासून. तुमचे जावई कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी आले ते राहिलेच. मी पुण्यात जपानी शिकले ती तुमच्या हट्टानं असं मी लोकांना सांगते, पण तेही खरं नाही. तुम्ही हट्ट कधी केला नाहीत. फक्त ती गोष्ट सांगत राहिलात आणि मी त्या गोष्टीच्या देशाची भाषा शिकले. आता मी एका छोट्या भाषांतर कचेरीत काम करते. तुमची नात तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते आणि चिडली की दोन्हीत गप्प बसते.

या वर्षी आमच्या कचेरीकडे एक काम आलं. तुम्ही जिथे सहा महिने शिकायला आला होतात त्याच कंपनीचं. ती गाडी आता बंद झाली बाबा. मधल्या आकाराच्या कुटुंबासाठी म्हणून सुरू झालेली, सात पिढ्या चाललेली ती छोटी गाडी. या वसंतात शेवटची गाडी लाइनवरून उतरली आणि कंपनीनं ठरवलं की सातही पिढ्या एका रांगेत मांडून आपल्या संग्रहालयात प्रदर्शन भरवायचं. त्याच्या फलकांवरचा मजकूर तपासणं आणि इंग्रजीत आणणं माझ्याकडे आलं. तुमची गाडी म्हणजे तिसरी पिढी. ती माझ्या यादीत दिसली तेव्हा मी कचेरीतच हसले. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "माझ्या घरचं माणूस भेटलं."

तुम्ही आम्हाला त्या गाडीबद्दल इतकं सांगितलं होतं, पण तुम्हाला तिच्या तीनच पिढ्या माहीत होत्या. बाकीच्या मी पाहिल्या. पहिली अगदी गोल डोळ्यांची, दोन दारांची. जाहिरातीच्या चित्रात मागच्या सीटवर दोन मुलं, आईच्या मांडीवर एक आणि टपावर गुंडाळलेली चटई. दुसरीला चार दारं आली. तिसरी, तुमची, चौकोनी डब्यासारखी, इंजिन आडवं बसवलेलं, मागचं दार वर उघडणारं. चौथीच्या सीटवर मखमल आली, तेव्हा या देशाकडे भरपूर पैसा होता म्हणतात. पाचवीत ती मखमल गेली आणि प्लास्टिक इतकं पातळ झालं की बोटानं दाबलं तर हलतं. सहावी उंच, म्हाताऱ्यांना वाकायला लागू नये म्हणून. सातवीत बॅटरी, आणि मागच्या काचेला मुलांसाठी पडदे, पण तोवर लोकांना मुलंच कमी झाली होती. एका देशाचं घर कसं बदललं ते त्या सात मागच्या सीटांवरून कळतं असं मी एका फलकात लिहिलं होतं. ते वाक्य आमच्या विभागप्रमुख बाईंनी काढून टाकलं. "कविता नको," म्हणाल्या.

पण त्यांनीच विचारलं की तिसऱ्या पिढीजवळ कामगारांची काही आठवण मिळेल का. तुम्ही ज्या वर्षी आलात त्या वर्षीचा शिकाऊंचा फोटो संग्रहात होता. डावीकडून दुसरे तुम्ही, टोपी जरा मोठी. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी कशी सांगितली ते लिहिते, म्हणजे तुम्हाला कळेल की मी एक शब्द बदलला नव्हता. "पहिलाच आठवडा. माझं काम मागच्या सीटच्या पट्ट्याचा बोल्ट आवळायचा. एक बोल्ट नीट बसला नाही हे माझ्या ध्यानात आलं. डोक्यावर दोरी. कुणाला काही चूक दिसली की ओढायची, असा तिथला नियम. पण सगळी लाइन थांबवायची म्हणजे? मी परका माणूस, भाषा येत नाही. तरी ओढली. वर इशाऱ्याचं गाणं वाजायला लागलं, लाइन थांबली, हानचो धावत आला." हानचो म्हणजे तुकडीचा प्रमुख, हे तुम्ही दर वेळी सांगायचात. "वाटलं, आता कानाखाली देतोय. त्यानं टोपी काढली, माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, आरिगातो. म्हणजे धन्यवाद." मग मी विचारायचे, "दोरी कुठल्या रंगाची?" आणि तुम्ही म्हणायचात, "पिवळी." हा आपला ठरलेला प्रश्न होता. मला उत्तर माहीत असायचं, तरी विचारायचे.

बाईंना गोष्ट फार आवडली. फोटोच्या खाली तोच मजकूर ठरला. आमच्या कामाची एक पद्धत आहे: मोठ्या तक्त्यात प्रत्येक वाक्य एका ओळीत, आणि शेवटच्या रकान्यात ज्यानं ते मूळ कागदांवरून पडताळलं त्यानं खूण करायची. खूण असली की पुढे कुणी विचारत नाही. छपाईवाला ती खूण बघूनच पुढे जातो. तुमच्या गोष्टीच्या सगळ्या ओळींपुढे मी खूण केली. पडताळणार कशावरून? माझ्या बाबांनी सांगितलं होतं.

उद्घाटनाच्या दोन आठवडे आधी, संग्रहालय बंद असतं त्या सोमवारी, जुन्या कामगारांना फलक बघायला बोलावलं होतं. मी काही हवं-नको बघायला गेले होते. एक गृहस्थ काठी टेकत तिसऱ्या गाडीजवळ बराच वेळ उभे राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाठ ताठ. त्यांनी तुमचा फोटो बघितला, मजकूर वाचला आणि फोटोला मान लववली. मी जवळ जाऊन म्हटलं, "हे माझे वडील."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "इन्दो-सानची मुलगी?" तुम्हाला तिथे सगळे इन्दो-सान म्हणायचे, बाबा? भारतसाहेब? हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते म्हणाले, "मी हानचो."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले, जे इथे कोणी करत नाही. मग नेहमीची माझी खोड. म्हटलं, "मजकुरात काही चूक असेल तर आत्ताच सांगा, फलक छापून झालेत पण पुस्तिका अजून जायची आहे."

"सुंदर गोष्ट आहे," ते म्हणाले.

"म्हणजे बरोबर आहे ना?"

"सुंदर आहे." मग म्हणाले, "दोरी मात्र पांढरी होती. आमच्या लाइनवर कायम पांढरीच."

मी पेन काढून लिहून घेतलं आणि सहज म्हटलं, "बाबा नेहमी पिवळी सांगायचे."

"पिवळा रंग होता," ते म्हणाले. "खुणेचा."

"कसली खूण?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मला माहीत नाही. त्यांनी नजर काढून घेतली. काठीनं त्यांनी जमिनीवर दोनदा टोचलं. म्हणाले, "काही नाही. म्हातारा झालो. विसरतो." मी भाषांतर करणारी बाई आहे, माणूस विसरतो तेव्हा कसा दिसतो आणि लपवतो तेव्हा कसा, हे मला समजतं. मी त्यांना बाहेरच्या यंत्रातून गरम कॉफीचा डबा काढून दिला, एक स्वतःला घेतला, बाकावर शेजारी बसले आणि म्हटलं, "मजकुरापुढे पडताळल्याची खूण माझी आहे. मला सांगावंच लागेल."

त्यांनी सांगितलं ते असं. बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाच्या पेनानं एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे 'मी हा आवळला'. पुढचा माणूस बोल्ट तपासत नाही, रेघ बघतो. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मागे पडायला लागलात. गाडी येते, तुम्ही पाना लावेपर्यंत पुढे सरकते. मग तुम्ही एक युक्ती केलीत. बोल्ट हातानं लावायचे, तेव्हाच रेघ ओढून टाकायची आणि मग पान्यानं आवळत जायचं. वेळ वाचायचा. आणि एक दिवस तुमच्या लक्षात आलं की एक बोल्ट रेघ ओढलेला पण न आवळलेला तसाच पुढे गेला. दोरी तुमच्या डोक्यावर हातभर होती.

"त्यानं वर पाहिलं," हानचो म्हणाले. "मी लांबून बघितलं होतं. त्यानं वर पाहिलं, हात उचलला आणि खाली घेतला. मला वाटलं, घाम पुसतोय."

मी म्हटलं, "परत सांगता का?" मला वाटलं माझं जपानी कमी पडतंय. त्यांनी परत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. हातातला डबा इतका गरम होता की नंतर बघितलं तर बोटं लाल झाली होती. मला तेव्हा काही कळलं नाही.

शिफ्ट संपल्यावर सगळे हातपाय धुवायला गेले आणि तुम्ही टोपी हातात घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभे राहिलात. तुम्हाला दोनच शब्द येत होते त्या कामाचे. "शिरुशी. साकि." खूण. आधी. एवढंच तीन-चारदा म्हणालात आणि रडायला लागलात. कुठली गाडी ते तुम्हाला सांगता येईना. आणि मुळात ज्या रेघेवर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा तीच खोटी ठरली म्हटल्यावर एक गाडी शोधून उपयोग नव्हता. त्या शिफ्टच्या सगळ्या गाड्या आवारात उभ्या होत्या. सगळी तुकडी परत बोलावली. घरी निघालेली माणसं सायकली लावून परत आली. एकेका गाडीची मागची सीट उचलायची, बोल्टला पाना लावायचा.

"सापडला?" मी विचारलं.

"सापडले," ते म्हणाले. "दोन. एक तर माझ्या बोटानं फिरला."

बाबा, मी त्या बाकावरून उठून गाडीजवळ गेले. तिसऱ्या पिढीच्या मागच्या सीटकडे बघत उभी राहिले. तिथे प्रदर्शनासाठी दोन मुलांचे पुतळे बसवले आहेत, एकाच्या हातात फुगा. मला दुसरं काही दिसेना. तुम्हाला वाटलं होतं एक गेला. दोन गेले होते.

सांगायला हवं म्हणून सांगते, पहिल्यांदा मला राग आला, आणि तो बोल्टचा नव्हता. तो आपल्या स्वयंपाकघराचा होता. आपल्या घरात तुम्ही आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असायचा. कुकरच्या मुठीवर, पंख्यावर, नळावर, दाराच्या बिजागरीवर. आई म्हणायची, "घर आहे का गोवराची साथ? एक बाटली माझ्यासाठी ठेवा हो." आणि फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर माझं काम लिहिलेलं: संध्याकाळी गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा आणि तारखेवर खूण करायची. मी चौथीत होते. एकदा खेळायला जायच्या घाईत आधीच खूण केली आणि बंद करायचं राहिलं. तुम्ही कामावरून आलात, कॅलेंडर बघितलं, मग वाकून रेग्युलेटरला हात लावलात. आयुष्यात एकदाच तुम्ही मला मारलंत. गालावर. आणि ओरडलात, "आधी काम, मग खूण! आधी काम!" आई धावत आली, म्हणाली, "अहो, लहान आहे ती. आणि गॅस काही सुटला नाहीये." तुम्ही न जेवता गॅलरीत जाऊन बसलात. मला वाटलं, माझ्याकडून किती भयंकर गुन्हा झाला की बाबांना जेवण जात नाही.

मी त्या बाकावर परत येऊन बसले तेव्हा तो गाल मला आठवला. छत्तीस वर्षांनी. कुठल्या अधिकारानं, असं मी मनात तुम्हाला विचारलं. हे लिहिताना स्वतःला तपासते आहे: तुम्ही खोटं सांगितलंत याचा राग, की मला त्या खोट्यावर वाढवलंत याचा? कारण मी त्या दोरीवर फार काही टांगलं होतं. कॉलेजात माझ्या जवळच्या मैत्रिणीनं दुसरीसाठी हजेरीची सही केली, मी सरळ सरांकडे गेले. तिची टर्म गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. मी घरी येऊन तुम्हाला अभिमानानं सांगितलं, आणि मला वाटलं होतं तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही मिक्सरचं झाकण दुरुस्त करत होतात. मान वर न करता म्हणालात, "तिला आधी विचारलंस का?"

मी म्हटलं, "विचारायचं काय? डोळ्यांनी पाहिलं."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं होतंस," तुम्ही म्हणालात. "कदाचित तिनंच येऊन सांगितलं असतं."

मी तुमच्यावर चिडून दोन दिवस बोलले नाही. मला वाटलं, वय झालं, बाबा मऊ पडले.

हानचोंना मी विचारलं की मग वाकून आरिगातो म्हणालात ते तरी खरं का. ते म्हणाले, "ते खरं. शेवटची सीट बसवून झाल्यावर, सगळ्यांसमोर. त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पण दोरीचं मीच त्याला शिकवलं."

"म्हणजे?"

"तो परत जाऊन तिकडे लाइन उभी करणार होता. मी म्हटलं, तिकडे जाऊन हे सांगू नकोस. दोरी ओढलीस असं सांग. शिकवणारानंच ओढली नाही म्हटल्यावर शिकणारे कशाला ओढतील? तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, हा माझा हुकूम आहे." मग हसले. "हानचोचा हुकूम इन्दो-साननं फार वर्षं पाळला म्हणायचा."

आणि आता बाबा, एक गोष्ट जी तुम्हाला माहीत नव्हती आणि जिच्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं. मी विचारलं, "तुम्हाला त्रास झाला का त्याचा?" ते म्हणाले, "जुनी गोष्ट." मी पुन्हा विचारलं. मी तुमची मुलगी आहे, सोडत नाही. ते म्हणाले, "मी वर कळवलं की खुणेची पद्धत मी नीट शिकवली नव्हती. बढती तीन वर्षं उशिरा आली. बायकोला माहीत होतं. इन्दो-सानला नाही. त्याला कळलं असतं तर तो शिकणं सोडून परत गेला असता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मजकूर बदलू नका. तो आहे तोच राहू द्या. तुमच्यासाठी, माझ्यासाठीही."

मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली, आणि इथे मान हलवणं म्हणजे हो.

मंगळवारी मी कामावर गेले आणि काही बोलले नाही. बुधवारी तक्ता उघडला, माझ्या खुणा बघितल्या आणि बंद केला. घरी सांगितलं. तुमचे जावई म्हणाले, "अगं, बाबांनी त्याच दिवशी तरी सांगितलं. आमच्याकडे चूक सहा महिन्यांनी कळते आणि करणारा तोवर दुसऱ्या कंपनीत." तुमच्या नातीनं हेडफोन काढून विचारलं, "म्हणजे आजोबांची गोष्ट उसो?" उसो म्हणजे खोटं. मी म्हटलं, "खोटं नाही, म्हणजे..." ती म्हणाली, "मग फलक काढणार?" मी म्हटलं, "जेव." गुरुवारी पुस्तिका छपाईला गेली असती, ती दुसऱ्याच कारणानं एक दिवस लांबली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी मधल्याच स्टेशनवर उतरून पुढची एक गाडी जाऊ दिली.

शुक्रवारी सकाळी मी हानचोंना फोन केला आणि म्हटलं, "मला राहवत नाही." ते म्हणाले, "इन्दो-सानला संध्याकाळपर्यंतच राहवलं होतं. तुम्हाला शुक्रवारपर्यंत राहवलं." मला कळलं नाही हा टोमणा आहे की परवानगी. मग म्हणाले, "माझं नाव नको."

विभागप्रमुख बाईंपुढे मी उभी राहिले. सांगितलं की तिसऱ्या पिढीच्या फलकावर जी माझी खूण आहे ती मी न पडताळता केली आणि मजकूर खरा नाही. मला वाटत होतं, सांगायला लाज वाटते, की त्या वाकतील आणि आरिगातो म्हणतील. इतकी वर्षं मी त्या शब्दाची वाट बघत होते बहुतेक. त्या वाकल्या नाहीत. दातांतून हवा आत ओढली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग बाकीच्या खुणांचं काय?"

बाबा, तेव्हा मला तुमचं ते आवार दिसलं. ओळीनं उभ्या गाड्या, सायकली लावून परत आलेली माणसं. एक खूण खोटी म्हटल्यावर सगळ्या खोट्या. सात पिढ्यांचं प्रत्येक वाक्य पुन्हा मूळ कागदांवरून तपासायला लागलं, मी आणि माझ्यामुळे अडकलेली दोन माणसं, आठवडाभर. त्यातल्या एका मुलीचं नुकतं लग्न ठरलंय, तिला त्या शनिवारी साडी दाखवायला मी घरी बोलावलं होतं. ती आली, पण तक्ता घेऊन. माझ्या आणखी दोन खुणा चुकीच्या निघाल्या. त्या माझ्या बाबांनी सांगितलेल्या नव्हत्या. नुसत्या घाईच्या होत्या. पाचव्या पिढीची मागची सीट दुमडते असं मी लिहिलं होतं. ती दुमडत नाही.

काल उद्घाटन झालं. तुमचा फोटो आहे. खाली फक्त एवढंच: भारतातून आलेले शिकाऊ. गोष्टीची जागा रिकामी ठेवता येईना, म्हणून बाईंनी मला म्हटलं, कामाच्या पद्धतीबद्दल दोन ओळी द्या, पडताळून. त्या मी दिल्या. बोल्ट आवळल्यानंतर कामगार त्यावर पिवळी रेघ ओढतो. रेघ कामाच्या आधी कधीही ओढली जात नाही. जपानीत आणि इंग्रजीत आहे. मराठीत ते मला आधीपासून पाठ होतं. हानचो आले होते. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, मला म्हणाले, "दोरीपेक्षा ही बरी," आणि कॉफीच्या यंत्राकडे निघाले, या वेळी डबा त्यांनी काढला.

नातीला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ पुतळ्यांकडे बघत होती. मग मराठीत म्हणाली, "आजोबा घाबरले होते ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मी पण घाबरते," आणि पुढे सहाव्या गाडीकडे गेली.

तुमच्यावर राग आहे का हे मी आज पुन्हा तपासलं. गालाचा आहे थोडा. बाकीचा कुठे गेला ते सापडत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुम्ही जपानहून आणलेल्या त्या पत्र्याच्या छोट्या गाडीखाली ठेवणार आहे. ती माझ्या टेबलावर असते, तिच्या तळाच्या स्क्रूवर लाल ठिपका अजून आहे.

पण ठेवण्याआधी एक राहिलं. मी नववीत होते. तुमच्याबरोबर जपानला गेलेले काका रविवारी पोहे खायला आले होते. हसत म्हणाले, "काय रे, पोरीला सांगितलंस का, त्या दिवशी सगळ्या लाइनला सीटा कुणी उचलायला लावल्या?" तुम्ही म्हणालात, "चहा निवतोय, घे." काकांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निवलेल्या चहावर फुंकर मारली. मी साखर आणते म्हणून आत गेले. साखर कुणी मागितली नव्हती. गोष्टीत सीटा नाहीत, हे मला तेव्हाच खटकलं होतं, बाबा. विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तीच गोष्ट सांगणार होते, आणि माझं भाषण पाठ झालं होतं.